मेंगसाहेबांची झोप

मेंगसाहेबांना झोप लागली तेव्हा सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि इनग्यूच्या छातीत धडधड सुरू झाली तेव्हा सहा वाजून सहा.

ओसाकाचं विमान सात वीसला होतं. विमानाचं दार सात दहाला बंद होणार, आणि ते दार दुसऱ्या इमारतीत. तिथं जायचं तर जमिनीखालची गाडी पकडावी लागते. भातकुकरच्या रबरी रिंगा बनवणाऱ्या कारखान्याचे मेंगसाहेब विक्रीप्रमुख, आणि इनग्यू सहा वर्षं त्यांचा मदतनीस. आज इंचॉन विमानतळावर साहेबांनी त्याला चक्क स्वतःच्या कार्डावर लाउंजमध्ये आणलं होतं. इनग्यूची बढती दोनदा हुकली होती. तिसऱ्यांदा काय होणार ते या दौऱ्यानंतर मेंगसाहेबच लिहिणार होते.

दोन्ही वेळा कारण एकच होतं. कोरियात प्रत्येक धडधाकट पुरुषाला सक्तीची असलेली लष्करी नोकरी इनग्यूनंही केली होती, पण ती सैन्याच्या मुदपाकखान्यात.

"आम्ही सीमेवर बर्फात गोठत होतो, आणि तू पळ्या घासत होतास!" आजही झोपण्याआधी पेजेचा घोट घेत मेंगसाहेब म्हणाले होते. "म्हणून तुझ्यात धमक नाही, प्यो. रात्रीची गस्त, समोर शत्रू, अन् पोटात अन्नाचा कण नाही. माणूस तिथं घडतो."

"हो साहेब," प्यो इनग्यू म्हणाला. ही गस्त त्याला पाठ झाली होती.

"पाच मिनिटं डोळे मिटतो. पण हात लावून उठवू नकोस हं मला. झोपेत कुणी शिवलं की माझा हात आपोआप उठतो. एकाचे दोन दात पाडलेत मी."

एवढं बोलून साहेब आरामखुर्चीत आडवे झाले आणि घोरू लागले.

साडेसहा झाले. इनग्यू खाकरला. मग जरा मोठ्यानं खाकरला. शेजारच्या बाईंनी त्याच्याकडे खोकल्याची गोळी सरकवली. लाउंजमध्ये विमानांची घोषणा होत नाही, पाहुण्यांना शांतता मिळावी म्हणून. ती शांतता आता इनग्यूच्या जिवावर उठली होती. तो कॉफीच्या यंत्राकडे गेला. दाणे दळताना ते भयंकर घरघरायचं. त्यानं तीन वेळा बटण दाबलं, आणि फुकट कशाला घालवायची म्हणून तिन्ही कप पिऊन टाकले.

मग त्यानं साहेबांना फोन लावला. खिशात फोन वाजला. साहेबांनी झोपेतच तो बंद केला.

पावणेसात झाले. इनग्यू काउंटरवरच्या मुलीकडे धावला.

"आमच्या साहेबांना जरा उठवता का? विमान चुकेल!"

"पाहुण्यांना आम्ही हात लावत नाही, सर. तुम्हीच हलवा ना."

"त्यांचा हात उठतो."

"कुणावर?"

"जो उठवेल त्याच्यावर. ते सीमेवर होते."

मुलीनं मेंगसाहेबांच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं आणि ती अदबीनं दोन पावलं मागे सरली.

सहा पन्नास. विमान गेलं तर ओसाकाची बैठक गेली, बैठक गेली तर बढती गेली, आणि दोष कुणाचा? 'प्योनं उठवलं नाही.' उठवावं तर दात जातील, न उठवावं तर नोकरी. कसा कोण जाणे, मुदपाकखान्यात पहाटे चारला ऐकलेला तो आवाज त्याच्याच घशातून बाहेर पडला:

"उठाऽऽ! हजेरीला उभे राऽऽहा!"

लाउंजमधले सगळे पुरुष ताडकन उभे राहिले. सुटातला बँकवाला, गोल्फच्या टोपीतले दोघं, कानात गाणी घातलेला विद्यार्थी, सगळे टाचा जुळवून, हात पँटच्या शिवणीला चिकटवून. एकजण साबणाच्या हातांनी स्वच्छतागृहातून धावत आला. सत्तरीचे एक आजोबा उकडलेलं अंडं मुठीत धरून ओरडले, "एक!"

"दोन!" "तीन!" "चार!" मोजणी खुर्च्यांच्या रांगेतून सरकत अकरापर्यंत आली आणि थांबली. बाराव्या खुर्चीत मेंगसाहेब होते.

"बारा!" आजोबा गरजले. "बारा कुठंय?"

मेंगसाहेबांनी डोळे किलकिले केले. "बारा? बारा वाजले? विमान गेलं की काय?"

"उभा राहा आधी! कुठल्या तुकडीत होतास रे?"

"मी... ते... पूर्वेला. डोंगरात."

"तुकडीचा नंबर?"

बायकोचा वाढदिवस विसरलेले अकरा पुरुष तिथं उभे होते, पण आपल्या तुकडीचा नंबर त्यातला एकही विसरला नव्हता. मेंगसाहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

"माझे तळपाय सपाट आहेत," ते पुटपुटले. "घेतलं नाही मला."

पुढं बोलायला वेळ नव्हता. दोघं पळत सुटले. साहेब फताड्या पायांनी फटफट पुढं, इनग्यू दोन्ही बॅगा घेऊन मागं. विमानाचं दार बंद करायला निघालेल्या मुलीनं त्यांना बघून हात आवरता घेतला.

विमानात बसल्यावर इनग्यूला खरा घाम फुटला. विमान मिळालं होतं, पण आपण जे पाहिलं ते पाहायला नको होतं. साहेबांची बावीस वर्षांची गस्त त्यानं एका आरोळीत बुडवली होती. अशा माणसाला कोण बढती देईल? गोदामात नाही तर थेट घरी, असा विचार करत तो पट्टा आवळत राहिला. मेंगसाहेब खिडकीबाहेर बघत होते. धावपट्टी संपली, समुद्र आला.

"मी काही ऐकलं नाही, साहेब," इनग्यूनं शेवटी हिय्या केला. "माझ्या कानात कॉफीच्या यंत्राची घरघर होती."

मेंगसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मग ते त्याच्याकडे झुकले.

"सैन्यात सकाळी खायला नेमकं काय देतात हो?" त्यांनी हळूच विचारलं. "इतकी वर्षं मी उपाशीच राहिलोय. खाण्याचं सांगायचं म्हटलं की भीती वाटते, कुणीतरी पकडेल."

"भात, पातळ सूप, आंबवलेल्या कोबीची किमची," इनग्यू म्हणाला. "रविवारी बर्गर असायचा, साहेब. त्याला गोड जॅम लावायचो आम्ही."

मेंगसाहेबांनी खिशातून वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं.

"बर्गरला जॅम," ते लिहू लागले. "सावकाश सांगा, प्योसाहेब."