शिंकऱ्याचा खून

हत्यारबंद गस्त उभी करावी तर ती मीच! त्या काळी आमच्या चौघांत याबद्दल दुमत नव्हतं. निदान मला तरी नव्हतं.

गैरसमज नको. सैन्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. पण रविवारी दुपारी आमच्या घरी एक खेळ रंगायचा. प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं, मनातल्या मनात, आणि एकानं सूत्रधार होऊन त्यांच्यापुढे जंगलं, किल्ले, राक्षस उभे करायचे. वीरानं म्हणायचं, "मी दाराला लाथ मारतो!" मग फासा टाकायचा, आणि दार मोडलं की पाय, ते सूत्रधारानं सांगायचं. सूत्रधार अर्थातच मी.

राक्षस काय, कोणीही उभा करील. तोंडातून जाळ काढला की झाला राक्षस! खरं कसब लागतं ते गस्तीला. कोणाच्या हातात भाला, कोणाच्या हातात कंदील, वळणावर आधी कोण दिसणार, वीरांच्या तोंडचं पाणी नेमकं कधी पळणार... छापखान्यात कविता तपासतानासुद्धा मी समासात भालेकरी मांडत बसायचो. एकदा एक भालेकरी चुकून छापूनही गेला! कवीला तो आवडला, हा भाग वेगळा.

खेळाडू तिघं. एक सुतार, तो जादूगार व्हायचा. दुसरा रेडिओ दुरुस्त करणारा, तो चोर. आणि तिसरा आमचा दातवाला. दातांचा डॉक्टर, स्वभावानं इतका मऊ की उपटण्यापूर्वी दाताचीसुद्धा माफी मागेल. खेळात मात्र तो कुऱ्हाड घेऊन फिरणारा आडदांड व्हायचा! एवढा राग आठवडाभर कुठं साठवून ठेवायचा, देव जाणे.

सगळं छान चाललं होतं, आणि आत्या आली.

माझी आत्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाल्यावर जिन्यावरून पडून तिनं पाय मोडून घेतला आणि प्लास्टर निघेपर्यंत आमच्याकडे राहायला आली. आईनं तिला पुढची मोठी खोली दिली. घरातलं एकुलतं एक मोठं टेबल नेमकं त्याच खोलीत!

"तुम्ही खेळा रे," आत्या म्हणाली. "मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही."

खेळ सुरू झाला. सुताराची जादू अजून ओठांवर होती, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"ती गस्त रोज त्याच रस्त्यानं का जाते रे?"

"आत्या, ते पहारेकरी आहेत."

"असतील. नावं काय त्यांची?"

"त्यांना नावं नसतात! त्यांना मारायचं असतं!"

आत्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अभ्यास न करता आलेल्या मुलीकडे ती असंच पाहत असणार. त्या मुलींचं पुढं काय झालं असेल, या विचारानं मला घाम फुटला.

मग मला एक नामी युक्ती सुचली. आत्यालाच कामाला लावायचं! म्हटलं, "आजपासून काळ्या किल्ल्याची गस्त तू सांभाळ." तेवढीच ती गप्प बसेल, असा माझा हिशेब.

आत्यानं शिवणाचा डबा मागवला आणि त्यातली बटणं टेबलावर मांडली. कोटाचं मोठं बटण म्हणजे ढेऱ्या. शर्टाचं पांढरं म्हणजे बुटका. आणि कडेला टवका उडालेलं तपकिरी बटण म्हणजे शिंकऱ्या. त्याला म्हणे बारमाही सर्दी होती.

वीर किल्ल्याच्या दरवाजापाशी पोचले.

"थांबा!" आत्या गरजली. "कोण तुम्ही?"

"आम्ही... प्रवासी," रेडिओवाला म्हणाला.

"प्रवासी कुऱ्हाड घेऊन फिरतात?"

"लाकडं तोडायला आहे," दातवाला पुटपुटला.

"जंगल मागं राहिलं. इथं किल्ला आहे. खरं बोला!"

अख्खी दुपार वीर दरवाजातच उभे! आत मी तळघर, भुयार, खजिना, सगळं सजवून ठेवलेलं, आणि हे तिघं बाहेर बगला घामेजून खोटं बोलताहेत. सुतारानं आपण वैदू असल्याचं सांगितलं, तर आत्यानं लगेच शिंकऱ्याला पुढं केलं. "मग बरी करा याची सर्दी!" आम्ही हसून हसून टेबलावर डोकी टेकली. आईनं चहा आणून ठेवला होता, तो तसाच गार झाला. पुढं मी पुष्कळ रविवार पाहिले, पण टेबलावर असं डोकं टेकवून हसायची पाळी फार थोड्या वेळा आली.

पुढच्या रविवारी घात झाला. वीर अंधारातून भिंत चढत होते. त्यांना कोणी पाहिलंही नसतं, पण शिंकऱ्या नेमका तिथं येऊन शिंकला. दातवाला दचकला, ओरडला, "कुऱ्हाड!" आणि त्यानं फासा फेकला. आयुष्यात प्रथमच त्याला सगळ्यात मोठं दान पडलं!

शिंकऱ्या खलास.

आत्यानं ते तपकिरी बटण उचललं, रिकाम्या काड्यापेटीत ठेवलं आणि पेटी हळूच बंद केली.

"घरी दोन लहान मुली आहेत त्याच्या," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं हो, आत्या!" दातवाल्याचा आवाज चिरकला.

"विचारलंस?"

बिचारा न जेवता घरी गेला.

हे इथंच थांबलं असतं. पण आठवडाभर आत्याला पलंगावर करमेना. मी छापखान्यात, आई बाहेर, आणि फोन हाताशी!

आता एक गोष्ट सांगायला हवी. दातवाल्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी हॉस्पिटलात नर्सांच्या ड्यूट्या लावायची. दोघांची भेट झाली होती, पसंतीही होती. राहता राहिले मुलीचे वडील. ते घड्याळजी. माणसाची पारख त्याच्या हातांवरून करायची, हा त्यांचा खाक्या. होणाऱ्या जावयाचा हात थरथरतो का पाहायला ते नाव न सांगता दवाखान्यात गेले आणि चांगला धडधाकट दात दाखवायला खुर्चीत बसले.

दातवाल्यानं त्यांच्या तोंडात छोटा आरसा घातला होता. तेवढ्यात बाहेरून मदतनीसानं हाक मारली. त्याचा आवाज असा की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघत.

"डॉक्टर! फोन आलाय! खुनाबद्दल!"

"कोणाच्या?"

"पहारेकऱ्याच्या! बाई म्हणतात, रविवारी दुपारी चौकशीला हजर राहा! पळून जायचा विचारही करू नका! आणि त्याच्या मुलींना कोण सांभाळणार, ते ठरवून या!"

इथं कोणीही शहाणा माणूस हसला असता. पण आमचा दातवाला! त्याचे डोळे भरून आले.

"सांग, येतो म्हणावं," तो म्हणाला. "चूक माझीच आहे. मी कुऱ्हाड उगारायलाच नको होती."

खुर्चीतल्या माणसानं तोंड मिटलं. आरशासकट! आणि गळ्यातला रुमालही न सोडता तो जो उठला, तो थेट रस्त्यावर. पेशंट का पळाला, ते दातवाल्याला संध्याकाळी कळलं. मध्यस्थांचा निरोप आला: मुलीकडचे नको म्हणतात.

रविवारी तो आला तेव्हा त्याच्याच सगळ्या दाढा दुखत असाव्यात असा चेहरा होता. सगळी हकीकत ऐकून आम्ही आत्याकडे पाहिलं. आत्या पहिल्यांदाच ओशाळलेली दिसली.

"मी बोलते त्यांच्याशी," ती म्हणाली.

"नको!" आम्ही चौघं एकदम ओरडलो.

तेवढ्यात घंटी वाजली. दारात एक गृहस्थ, हातरुमालात गुंडाळलेला छोटा आरसा घेऊन, आणि त्यांच्या मागं एक तरतरीत मुलगी. घड्याळजी प्रामाणिक माणूस. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून त्यांना झोप येईना. मुलगी मात्र, सोक्षमोक्ष लावल्याशिवाय नाही म्हणणार नाही, असं सांगून सोबत आली होती. आमचा पत्ता मदतनीसानं दिला होता, बहुधा सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा.

"आम्ही... त्या खुनाबद्दल आलोय," घड्याळजी चाचरत म्हणाले.

आत्याचा ओशाळलेपणा कुठल्या कुठं गेला! ती उशीला टेकून ताठ बसली. "या! मयताचे कोण तुम्ही?"

"मी? मी दाताचा पेशंट!"

मुलगी सरळ दातवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही मारलंत त्याला?"

दातवाल्यानं मान खाली घातली. "हो."

"का?"

"तो शिंकला."

घड्याळजी मटकन खुर्चीत बसले. मी धावत पुढं झालो, नकाशा उलगडला, फासे दाखवले, ढेऱ्या दाखवला, बुटका दाखवला, जीव तोडून खेळ समजावला. मुलीनं काड्यापेटी उघडली आणि बराच वेळ त्या टवका उडालेल्या बटणाकडे पाहिलं.

"आणि याच्यासाठी तुम्ही रडलात?" तिनं दातवाल्याला विचारलं.

"रडलो नाही," तो म्हणाला. "थोडंसंच."

ती हसली. ते हसू पाहून मला कळलं की लग्न होणार. सुतारालाही कळलं, कारण त्यानं रेडिओवाल्याला कोपरानं ढोसलं.

"म्हणजे खून झालाच नाही?" घड्याळजींचा जीव भांड्यात पडला.

"झाला कसा नाही!" आत्या कडाडली. "चौकशी व्हायचीय अजून!"

चौकशी झाली. घड्याळजींना पंच नेमलं. मयताच्या जागी आरोपीनं स्वतः पहारा द्यावा, असा त्यांनी निकाल दिला आणि चहा मागितला. मुलीनं तोवर माझी गस्त तपासायला घेतली होती.

"हे लोक झोपतात कधी?" तिनं विचारलं.

"झोपतात?" मी म्हणालो.

तिनं पेन्सिल मागितली. पुढच्या रविवारपासून सूत्रधार ती झाली! आणि मला, इतकी वर्षं किल्ले उभारणाऱ्या मला, पहाऱ्यावर उभं राहायला शर्टाचं एक बटण मिळालं.

आता आत्या नाही. घड्याळजीही गेले. सुतार आणि रेडिओवाला कामधंद्यापायी लांब लांब पांगले, आणि घर बदलताना विकलेल्या त्या टेबलाशी बसून आता कोण काय खातं-पितं, कोणास ठाऊक. रविवारची दुपार अजूनही येते. मी पुस्तक डोळ्यांवर ठेवून झोपतो.

परवा बाजारात दातवाल्याची मुलगी भेटली. चांगली मोठी झालीय. मला पाहून थांबली, वाकून माझ्या हातातली पिशवी घेतली, म्हणाली, "काका, तुम्हीपण असायचात ना त्या खेळात? आई नेहमी तुमची आठवण काढते!"

माझी छाती फुगली. "हो का? काय म्हणते?"

"म्हणते, पहारेकरी बरेच झाले, पण काका मरायचे फार सुंदर!"