उजव्या खिशातला धंदा

सिलिंडर स्वयंपाकघरात पोहोचला होता, सिलिंडरवाला दारात उभा होता, आणि घरातील कर्ते पुरुष दोन्ही हात खिशांत घालून भिंतीस पाठ लावून उभे होते. त्यांच्या उजव्या खिशात नोटांची चांगली जाडजूड घडी होती. डाव्या खिशात एक रुमाल होता, आणि तोही फाटका.

"अहो, द्या ना त्याला पैसे. त्याला अजून वरचे मजले चढायचेत," पत्नी म्हणाली.

"माझ्याजवळ नाहीत."

"नाहीत कसे? खिसा फुगलाय की!"

"तो उजवा आहे."

"मग?"

"उजवा खिसा धंद्याचा. घरचा डावा. डाव्यात काही नाही."

पैसे न देण्याची नाना कारणे सिलिंडरवाल्याने आजवर ऐकली होती. परंतु हे कारण त्यासही नवीन होते. तो कुतूहलाने पायरीवर टेकला. पतिपत्नींमध्ये बराच वेळ वाद झाला, आणि अखेरीस असा तोडगा निघाला की, धंद्याने घरास ही रक्कम उसनी द्यावी. त्याप्रमाणे एक चिठ्ठी तयार करण्यात आली.

"कर सही."

"नवऱ्याच्या खिशातले पैसे घ्यायला सही?"

"हे नवऱ्याचे नाहीत. धंद्याचे आहेत. नवरा इथे नुसता उभा आहे."

"ते तर मी लग्नापासून बघतेय," असे म्हणून तिने सही केली.

या गृहस्थांस सारी गल्ली 'टाकीवाले' म्हणत असे. नाव अगदी ताजे होते. तत्पूर्वी ते कित्येक वर्षे पडद्यांच्या कापडाच्या एका दुकानात मीटरपट्टी घेऊन उभे असत. मनुष्याने परक्याचे कापड मोजण्यात आपला जन्म घालवू नये, असा विचार एके दिवशी त्यांच्या मनात उदय पावला. त्यांनी नोकरी सोडली, वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून एक पंप घरी आणला, आणि इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुऊन देण्याचा धंदा आरंभिला. धंदा स्वच्छतेचा होता, यात शंका नाही. परंतु सायंकाळी ते परत येत तेव्हा घरची माणसे त्यांस केवळ आवाजावरून ओळखत.

टाक्या घासणे त्यांस साधले; हिशेब मात्र साधेना. आलेला पैसा कोठे गेला हे त्यांस महिनाअखेर सांगता येईना, म्हणून ते मागच्या गल्लीतील हिशेबनीसकाकांकडे गेले. काका फार थोडे बोलत, कारण शेजाऱ्यांस ते सल्ला फुकट देत.

"घर वेगळं, धंदा वेगळा," काका म्हणाले. "दोघांची गाठ पडता कामा नये. पडली, की धंदा मेला."

एवढेच. परंतु गुरूने सांगावे आणि शिष्याने अर्धे विसरावे, यातच जगाचे कल्याण असते. टाकीवाले एक अक्षरही विसरले नाहीत. त्यांनी तेथेच खिसे वाटून टाकले.

त्यांच्या या कडकपणामागे एक मोठी आशा होती. चौकापलीकडे उंच इमारतींची एक वसाहत होती. तिच्या साऱ्या टाक्या वर्षभर धुण्याचे कंत्राट निघणार होते, आणि तेथील सेक्रेटरींची अट अशी होती की, पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब चोख असेल त्यासच काम मिळेल. ते काम मिळाले तर धंदा उभा राहणार होता. न मिळाले तर दुकानाच्या मालकांनी निरोप धाडलाच होता: "जागा महिनाअखेरपर्यंत ठेवतो. मीटरपट्टी खुंटीवरच आहे." ही मीटरपट्टी टाकीवाल्यांस स्वप्नात दिसे, आणि दर वेळी ती मागील वेळेपेक्षा लांब असे.

घराच्या गरजा कधी थांबत नाहीत. सिलिंडरमागून विजेचे बिल आले, मग वडिलांची औषधे, मग नळाची चकती, मग पुन्हा औषधे. प्रत्येक वेळी धंद्याने घरास उसने दिले आणि प्रत्येक वेळी पत्नीने सही केली. टाकीवाले त्या चिठ्ठ्या तारेत ओवून ठेवीत आणि वहीत मांडीत. तिसरा महिना सरताना त्यांनी बेरीज केली, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. धंद्यास नफा झाला होता! घसघशीत नफा! मुलाच्या परीक्षेचा निकाल पाहावा तशी त्यांनी ती बेरीज पुनःपुन्हा पाहिली.

दुसऱ्याच दिवशी पंपाचा पाइप फुटला. नवा घेण्यास ते दुकानात गेले, उजव्या खिशात हात घातला, आणि तो खिसाही डाव्यासारखाच निघाला. ते तडक काकांकडे गेले.

"नफा झालाय की रे," काका वही चाळत म्हणाले.

"मग पैसे कुठे आहेत?"

"नफा वेगळा, पैसे वेगळे."

"हे पण वेगळं?" टाकीवाले व्याकूळ होऊन म्हणाले. "काका, किती वेगळं वेगळं करायचं माणसानं? मला पाइप घ्यायचाय."

"मग उधारी वसूल कर. सगळा नफा एकाच गिऱ्हाइकाकडे अडकलाय. कोण आहे हे?"

"बायको."

काकांनी वही मिटली, चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला. "तिथे माझी विद्या संपते," ते म्हणाले. "पण एक सांगतो. सेक्रेटरी ही उधारी बघणार आणि देणेकऱ्याला समोर आणा म्हणणार. तिला घेऊनच जा. आणि जाण्याआधी थोडं तरी वसूल कर."

तोंडाने मागण्याचे धैर्य नसल्यामुळे टाकीवाल्यांनी रीतसर मागणीपत्र लिहिले आणि ते सकाळी चहाच्या कपाखाली ठेवून दिले. ते प्रथम वडिलांनी, म्हणजे आबांनी, उचलले आणि मोठ्याने वाचले.

"'तरी आपणांकडील थकबाकी त्वरित भरावी.' कोणाला लिहिलंयस हे?"

"घराला."

"मी घरात येतो का?"

"येता, आबा."

"म्हणजे मी पण थकबाकीदार! ह्या वयात!" आबांनी पत्र खाली ठेवले. "बरं, मला सांग, पंप कोणाच्या पैशांचा?"

टाकीवाल्यांनी घाईने कप तोंडास लावला. पत्नीने मात्र पत्र घडी करून कमरेस खोचले. ती शांतपणे चहा प्याली, शांतपणे कप विसळला, आणि दुपारपर्यंत तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर घराकडून धंद्यास द्यावयाची बिले तयार केली.

"हे काय?" टाकीवाल्यांनी विचारले.

"घर वेगळं, धंदा वेगळा. तुमचंच वाक्य. हे गॅलरीचं भाडं. तिथे पंप आणि पाइप पडलेत. मला कपडे वाळत घालायला जागा नाही. हे तुमचे कामाचे कपडे धुतल्याचे. चिखलाचा दर वेगळा, शेवाळाचा वेगळा. हे आबांच्या पंपाचं भाडं."

"मी कमीच लावलंय," आतून आबा म्हणाले. "घरचाच माणूस आहे म्हणून."

"आणि हे?"

"फोनचं. गिऱ्हाइकांचे फोन मीच घेते ना?"

"दोन ओळी कशाला मग?"

"एक ओळ फोन घेतल्याची. दुसरी खोटं बोलल्याची. तुम्ही पलंगावर घोरत असता, आणि मी सांगते, 'साहेब साइटवर आहेत.' त्याचे पैसे वेगळे पडतात."

टाकीवाल्यांनी बिले वाचली, आणि पुन्हा वाचली. एकही रक्कम खोटी नव्हती. सारी बिले वहीत घेतली, तर धंद्यास नफा तर नाहीच, उलट धंदा घराचे एवढे देणे लागत होता की त्याने पंपासकट स्वतःस विकले असते तरी ते फिटले नसते. आणि पंप तर त्याचा नव्हताच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत झाली. त्यांनी ती बिले वहीत घेतली नाहीत. भेटीस जाताना ती घरीच राहतील, अशी व्यवस्था त्यांनी केली. परंतु पत्नीची पिशवी पत्नीच भरते, हे ते विसरले.

वसाहतीचे कार्यालय जिन्याखाली होते. सेक्रेटरी हे वयस्क, सर्दीने गांजलेले गृहस्थ. ते वही वाचू लागले, तोच फोन वाजला.

"हो, पाण्याला वास येतोय. मला माहीत आहे. मी पण तेच पितो," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि वहीत बोट रोवले. "नफा छान आहे. पण हे 'घर' नावाचं गिऱ्हाईक कोण? तीन महिने एक पैसा दिला नाही, तरी तुम्ही देतच सुटलात?"

"त्या ह्या," टाकीवाल्यांनी पत्नीकडे बोट केले.

"बाई, राग मानू नका, पण हे काही बरं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "अशा बुडव्या माणसाला उधार देणाऱ्याच्या हातात मी टाक्यांच्या किल्ल्या कशा देऊ?"

बुडव्या! पत्नीचा चेहरा लाल झाला. तिने पिशवीत हात घातला, आणि कॅलेंडरची पाने एकामागून एक टेबलावर उतरली.

सेक्रेटरींनी ती सावकाश वाचली. "ह्यांच्या वहीप्रमाणे घर बुडीत. तुमच्या बिलांप्रमाणे धंदा बुडीत," ते नाक पुसत म्हणाले. "दोन्ही खरं कसं असेल? तुम्हीच सांगा, टाकीवाले. ही बिलं खरी का?"

वाचकहो, मनुष्याच्या आयुष्यात कसोटीचा क्षण येतो तो असा, जिन्याखालच्या कार्यालयात येतो. नुसते 'बायकोची गंमत आहे' एवढे म्हटले असते तरी काम भागले असते. चिठ्ठ्यांवर तिच्या सह्या होत्या. बिलांवर यांची एकही नव्हती. समोर वर्षभराचे कंत्राट होते. मागे खुंटीवर मीटरपट्टी होती. त्यांनी पत्नीकडे पाहिले. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती; आपल्या हातांकडे पाहत होती. शेवाळाचे कपडे धुऊन त्या हातांची साले निघाली होती, आणि ही गोष्ट वहीत कोठेच नव्हती.

"बिलं खरी आहेत," टाकीवाले खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "बुडाला तो धंदा. घरानं कोणाचा पैसा बुडवला नाही."

पत्नीने चमकून वर पाहिले. सेक्रेटरींनी वही मिटून परत केली. टाकीवाल्यांनी ती काखेत घेतली. त्यांच्या डोळ्यांपुढे फुलाफुलांचे पडद्यांचे कापड उलगडत चालले होते, आणि त्यास अंत दिसत नव्हता. ते उठणार, तोच फोन पुन्हा वाजला.

"हो, वास. हो, आजच. आजच करतो म्हणतोय ना!" सेक्रेटरींनी फोन आदळला, कपाळास हात लावला, आणि समोर पडलेली पाने पुन्हा ओढून घेतली. "थांबा जरा. पंप कोणाचा?"

"घराचा," पत्नी म्हणाली. "सासऱ्यांचा."

"सामान ठेवायची जागा?"

"घराची."

"फोन?"

"घराचा. घेतेही मीच."

"मग धंद्याकडे आहे काय?"

"धंद्याकडे मी आहे," टाकीवाले म्हणाले. "आणि एक ब्रश."

सेक्रेटरींनी विचार केला. "म्हणजे टाकीत उतरणारा माणूस फक्त. तो काय, रोजावर मिळतो. बाई, उसनवारी वजा केली तरी तुमचं येणंच आहे, देणं कोणाचं नाही, मालमत्ता तुमची, बिलं बारकाईनं केलेली. चिखल वेगळा, शेवाळ वेगळं! माझ्या आयुष्यात असा हिशेब बघितला नाही. कंत्राट घराला देतो. घ्याल?"

"घेते," पत्नी म्हणाली. "पाइप फुटलाय, तेवढी आगाऊ रक्कम द्या."

ती रक्कम तिने मोजून घेतली, पिशवीत ठेवली आणि कंत्राटावर सही केली. सही करण्याचा तिचा सराव तीन महिन्यांत उत्तम झाला होता.

परतताना दोघे रस्त्याने चालत होते. टाकीवाल्यांच्या मनात आनंद व्हावा की शोक, याचा निर्णय होईना. कंत्राट मिळाले होते, आणि मिळालेही नव्हते. घर तरले होते. परंतु ज्या स्वातंत्र्याकरिता त्यांनी मीटरपट्टी टाकली, ते स्वातंत्र्य जिन्याखाली राहिले होते. पाइपच्या दुकानापाशी पत्नी थांबली.

"आज संध्याकाळपासून काम सुरू करायचंय. टाकीत उतरायला माणूस लागेल मला."

"मी आहे की," टाकीवाले दीनपणे म्हणाले.

"असं नाही घेत मी कोणाला. काय काय येतं?"

"टाकी घासता येते. पंप चालवता येतो."

"हिशेब?"

"हिशेब मी सोडला."

"बरं केलंत. ह्याआधी कुठे होतात?"

"टाक्यांच्याच धंद्यात होतो."

"मग का सोडलंत ते?"

टाकीवाल्यांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला.

"मालक बुडाला," ते म्हणाले. "माणूस वाईट नव्हता हो. फक्त बायकोकडून वसुली करायला निघाला होता."