घर पाहावं निजून

पेशकारकाका भाड्याचं घर बघायला निघाले की काखेत सतरंजी मारत. घरमालकाला रामराम करायचा, रिकाम्या खोलीत सतरंजी अंथरायची, डोळ्यांवर पंचा ओढायचा आणि सरळ झोपायचं. झोप लागली तर घर पास. नाही लागली तर मालकाचा चहासुद्धा न घेता उठायचं. "घर पाहावं बांधून, हे पैसेवाल्यांचं झालं," ते म्हणत. "भाडेकरूनं घर पाहावं निजून."

काका कोर्टात जज्जापुढं कागद मांडणारे पेशकार होते, तेच नाव पुढं चिकटलं. मूळचे पिशोरचे, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली, काकांची काही बदलली नाही. "मकान सस्तं हाय, पण इतमिनान नाय, जिवाला निवांतपणा नाय," असा एकदा निकाल दिला की त्यावर अपील नसे. दलाली मात्र ते घेत नसत. नवख्या माणसाला घर शोधून देणं हा रिटायर झाल्यावरचा त्यांचा नाद होता.

मी वैजापूरहून चिकलठाण्याच्या कारखान्यात नवा लागलो होतो. बायको नि मुलगी वैजापूरलाच, माझी पथारी एका सोबत्याच्या खोलीत. रविवारी घरी गेलो की मुलगी आईच्या पदराआडून माझ्याकडं बघायची, आणि ती मांडीवर येईस्तोवर परतीच्या एसटीची वेळ व्हायची. तिला जूनमध्ये शाळेत घालायचं होतं. तोवर खोली मिळाली नाही तर आणखी वर्षभर मी तिचा रविवारचा पाहुणाच राहणार होतो. सोबत्यानंच मला पैठण गेटच्या हॉटेलात काकांसमोर नेऊन बसवलं.

खोकडपुऱ्यातल्या खोलीखाली पिठाची गिरणी होती. काका लवंडले आणि लगेच उठून बसले. "पाठीखाली ज्वारी दळायलीय," म्हणाले. उस्मानपुऱ्यात उलटं झालं. तिथं त्यांना इतकी गाढ झोप लागली की मालकीणबाई घाबरल्या. "अवो, तुमचे सासरे उठंनात की," म्हणत त्यांनी तांब्याभर पाणी काकांच्या तोंडावर मारलं. काका तोंड पुसत म्हणाले, "मकान एक नंबर." पण आल्या आल्या मढ्यागत पडणारी माणसं आम्हाला नकोत, असं सांगून बाईंनी दार लावून घेतलं.

मग हर्सूलची जागा सापडली. तळ्याच्या अंगाला दोन खोल्या, दारात लिंब, भाडं झेपेल असं. मी मनातल्या मनात चूल मांडूनसुद्धा टाकली. काका या कुशीवर झाले, त्या कुशीवर झाले आणि सतरंजी गुंडाळू लागले.

"लई सुनं हाय," ते म्हणाले. "तू दिवसभर कारखान्यात. सूनबाईनं कुणाचा आवाज ऐकायचा? इथं माणूस निजत नाय, नुस्ता पडून राहतो."

"काका, मला झोपायला नको, संसाराला घर पाहिजे," मी तडकलोच. मे संपत आला होता. मालकाला उद्या विसार देतो असं सांगून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आता तुम्ही त्रास घेऊ नका, एवढं सांगायला भर दुपारी मी बेगमपुऱ्यात काकांच्या घरी गेलो. तिथं मी पहिल्यांदाच जात होतो. काका ओसरीवर बाजेवर आडवे होते, पण डोळे टक्क उघडे.

"आज झोप नाही का?" मी सहज विचारलं.

"इथं कुठली झोप," ते म्हणाले. "तुझी काकू गेली, पोरगं नागपूरला गेलं, तवापासून या घरात डोळ्याला डोळा लागंना. लोकाच्या घरात लागते. भिंतीपलीकडं कुणी भांडी घासतं, कुणी लेकराला रागावतं. बरं वाटतं."

कालचा माझा राग कुठल्या कुठं गेला. हा माणूस आमच्यासाठी घरं शोधत होता आणि स्वतःसाठी घटकाभर झोप. काही बोलायचं म्हणून मी जिन्याकडं बघत विचारलं, "वर काय आहे?"

"पोराच्या खोल्या. येतो येतो म्हणतो, म्हणून कुलूप ठेवलंय." काका बाजेवर उठून बसले. मग कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "तो काय आता यायचा नाय. बघून ये. झेपंल ते भाडं दे. पण सतरंजी घेऊन जा, निजून बघ."

मी वर गेलो. खिडक्या उघडल्या, कोपऱ्यातली पेटी भिंतीला सरकवली, मुलीचं दप्तर कुठं टांगायचं ते बघत या खोलीतून त्या खोलीत हिंडलो. निजायचं राहूनच गेलं. पसंत आहे म्हणून सांगायला जिना उतरू लागलो, तर खालून घोरणं ऐकू आलं. काका गाढ झोपले होते, एक हात बाजेखाली लोंबत होता. मी पायरीवर थांबलो, तसं घोरणंही थांबलं आणि ते चुळबुळ करू लागले.

मी तसाच मागं फिरलो. वर दाराशी काढलेल्या चपला पायात चढवल्या आणि रिकाम्या खोल्यांतून ऊन उतरेपर्यंत येरझाऱ्या घालत राहिलो.

जूनमध्ये मुलगी आली आणि ते काम तिनं घेतलं. दुपारी तिच्या उड्या सुरू झाल्या की मी तिला दटावायचो. ती गप्प बसली की थोड्या वेळानं खालून काकांचा आवाज यायचा, "का रे गप केलंस तिला? झोपमोड झाली माझी."