फाडलेल्या पानांची डिक्शनरी

जयपुरात विम्याच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या उमाकांत सबनिसांनी एकसष्ट साली ठरवलं, की आता हेडक्लार्क व्हायचं आणि त्यासाठी भारी भारी इंग्रजी शब्द पाठ करायचे. (कचेरीतलं काम करून पाहावं, हे काही त्यांना सुचलं नाही.)

शेजारचे उत्तमराव पेन्शनीतले सुभेदार. त्यांनी कानमंत्र दिला, "शब्द पाठ झाले की पान फाडायचं! परतीची वाट ठेवलीत की लढाई हरलात."

उमाकांतराव इंग्रजी-मराठी डिक्शनरी सोलायला बसले. फाडलेली पानं त्यांची बायको रत्नप्रभाबाई तळणाखाली घालत. तेल झकास टिपलं जाई.

'सी' संपत आला तसं त्यांनी कचेरीतले वरिष्ठ माथुरसाहेबांना चहाला बोलावलं. साहेब असे भरलेले, की खुर्ची बिचारी कण्हली. मिरचीवडे आले. उमाकांतराव उभे राहिले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "सर, यू आर व्हेरी कॉर्प्युलंट!"

साहेब थबकले. शब्द उभ्या जन्मात ऐकलेला नाही. पण कारकुनाला अर्थ विचारायचा? छट्! "अरे सबनिसजी, ये तो आपका बड़प्पन है," म्हणत त्यांनी आणखी एक वडा उचलला.

ते जिना उतरतात न उतरतात तोच इंग्रजी तिसरी शिकलेल्या रत्नप्रभाबाईंनी ताटलीतलं तेलकट पान नवऱ्याच्या नाकाशी धरलं.

"काय म्हणालात त्यांना? वाचा! गलेलठ्ठ लिहिलंय इथं!"

"अगं, भारदस्त असेल... पान फाडलं ना, मग कुठं बघू?"

"माझ्या घरात, माझे वडे खाणाऱ्या पाहुण्याला गलेलठ्ठ? लाज कशी वाटली नाही! उद्या आधी पाय धरा त्यांचे!"

पण पाय धरायला सवडच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले. दारातून तिरके होऊन शिरावं लागे, एवढे मोठे. आणि माथुरसाहेबांनी हार घालताना साऱ्या स्टाफसमोर तोच नवाकोरा शब्द त्यांच्या गळ्यात घातला.

मोठे साहेब विलायतेत शिकलेले होते.

आठवड्याच्या आत माथुरसाहेबांची पार वाळवंटात, बाडमेरला बदली झाली. जाताना त्यांनी दातओठ खात एकच मागणी केली : हेडक्लार्क म्हणून सबनीसच हवेत.

"अगं, हेडक्लार्क झालो!" उमाकांतराव घरी येऊन म्हणाले.

"कुठले?"

"बाडमेरचे."

"हाताखाली कोण?"

"एक शिपाई. म्हणजे... ती जागा रिकामी आहे."

रत्नप्रभाबाईंनी ट्रंक भरली. त्यात एकट्या नवऱ्याचेच कपडे होते. वरती 'डी'पासूनची डिक्शनरी ठेवली.

उमाकांतराव गहिवरले. "अजून शिकावं म्हणतेस?"

"छे हो! तिथं वडे तुमचे तुम्हालाच तळायचेत. तेल टिपायला नको?"