यादीत नसलेली यजमानीण

"तुमचं नाव यादीत नाही, बाई," फाटकावरचा रखवालदार ग्लिन म्हणाला.

"कुठल्या यादीत?" व्हर्ना आंटीनं विचारलं.

"चारही याद्यांत. कलाकार, स्टॉलवाले, स्वयंसेवक, पाहुणे. मनगटाला पट्टीही नाही. पट्टी नाही तर प्रवेश नाही."

आंटीनं मान वर केली. फाटकावर ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टॅलोवुड गावच्या समेट महोत्सवाचा भलाथोरला फलक होता आणि फलकावर तिचाच चेहरा हसत होता, खाटेएवढा. ग्लिननंही वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"फोटो चालत नाही," तो म्हणाला. "फोटो कुणीही लावतं."

आता संताप येईल नाही तर काय! गोऱ्यांनी आणि आम्ही मूळच्या लोकांनी मागचं सगळं एकमेकांच्या तोंडावर बोलून पुढं एकत्र नांदावं, म्हणून हा महोत्सव. गाणी, नाच, चित्रं, सगळं आमचं. तो उघडतो तो आंटीच्या स्वागतानं. ही जमीन तिच्या पूर्वजांची. तिनं 'या' म्हटल्याशिवाय इथं कुणी डिजेरिडूच्या लांब लाकडी नळीत फुंकसुद्धा मारत नाही. आणि याच मैदानाच्या कुंपणाला नाक लावून तिच्या आईनं सगळ्या जत्रा बाहेरून पाहिल्या होत्या, कारण तेव्हा आमच्या माणसांना आत घेत नसत. आईच्या वाट्याचं 'या' आज आतल्या मंचावरून म्हणायचं, म्हणून आंटी नवा कोट घालून आली होती.

तिचा भाऊ क्लॅरी मागून आला. त्याच्या हातगाडीत अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप आणि निलगिरीचा हिरवा पाला होता.

"हे काय?" ग्लिननं विचारलं.

"धुरी. येणाऱ्याला धुरातून आत घ्यायचं असतं."

"ज्वालाग्राही वस्तू आत नेता येणार नाहीत."

"अरे, ओला पाला आहे! तुझ्या डोक्यापेक्षा ओला!" क्लॅरी तडकला.

गलका ऐकून व्यवस्थापिका फिलिपा धावत आली. शहरातून आलेली, सज्जन, आणि सज्जनपणामुळंच धोकादायक बाई.

"फिलिपा, माझं नाव का नाही?"

"अहो आंटी, कसं घालणार?" फिलिपाचे डोळे भरून आले. "तुम्ही पाहुण्या थोड्याच आहात? ही जमीनच तुमची! तुमचं नाव पाहुण्यांत टाकायचं म्हणजे तुमचा अपमान! मी सभेत भांडून ते काढून घेतलं."

"आणि यजमानांची यादी?"

ती यादी करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ग्लिन, सोडा यांना," ती म्हणाली.

"फॉर्म भरावा लागेल," ग्लिननं खिशातून कागद काढला. "कुणाच्या निमंत्रणावरून आलात?"

"माझ्याच."

"तसा रकाना नाही."

दहाचे साडेदहा झाले. आत नाचणाऱ्या पोरी अंगाला पांढरे पट्टे ओढून थंडीत कुडकुडत होत्या, पण आंटीशिवाय पाऊल उचलायला एकही तयार नव्हती. शेवटी लाल रेशमी टाय लावलेले नगराध्यक्ष फाटकाशी आले. "मग स्वागत मीच करून टाकतो की," ते म्हणाले. "दोन वाक्यांचं तर काम."

झालं. इतका वेळ आंटी धीरानं उभी होती. आता तिनं हातातली घडीची खुर्ची फटकन उघडली आणि फाटकासमोर ठाण मांडलं.

"तुम्ही माझ्या घरात, मी दारात, आणि स्वागत तुम्ही करणार? लाज आहे का काही? ऐका! आमच्यात परक्यानं शिवेवर बसून राहायचं असतं. घरचं माणूस हाक मारील तेव्हा आत यायचं. तुम्ही सगळे हाक न येता घुसलात. सवयच आहे म्हणा तुम्हाला! चला, बाहेर या. सगळे. मग मी रीतसर बोलावते."

आधी नाचणाऱ्या पोरी निघाल्या. मग वाजवणारे निघाले, मग चित्रं काखेत घेऊन बायका निघाल्या. मग पाहुणे निघाले, कारण आत बघायला काही उरलंच नव्हतं. नगराध्यक्ष सर्वांत शेवटी, टाय सारखा करत. गाड्या लावायच्या पटांगणात क्लॅरीनं पिंप पेटवलं, पाल्याचा धूर उठला, आणि आंटीनं तिच्या आईच्या भाषेत असं काही स्वागत केलं की फिलिपा हुंदके देऊन रडली.

"आता चला आत!" फिलिपा नाक पुसत म्हणाली.

ग्लिन फाटकात आडवा उभा राहिला. "पट्टीवर छापलंय. एकदा बाहेर गेलेल्यास पुन्हा प्रवेश नाही."

"अहो, मी नगराध्यक्ष आहे!"

"मघाशी होतात. आत होतात तेव्हा," ग्लिन म्हणाला. "आता बाहेर आहात."

नगराध्यक्षांनी कुंपणाच्या तारेला दोन्ही हातांनी धरलं आणि आत पाहिलं. आंटी त्यांच्याकडं बघत राहिली.

मग महोत्सव पटांगणातच झाला. कुणी गाडीच्या टपावर चढून गायलं, कुणी चित्रं बॉनेटवर मांडली. कांगारूच्या शेपटीचा रस्सा धुरीशेजारीच शिजला आणि नगराध्यक्षांनी दोनदा मागून घेतला. पोरींच्या नाचानं धूळ उडाली, तिच्यात गोरे आणि काळे सारखेच मळले. मैदानात मात्र एकटा ग्लिन, रिकाम्या खुर्च्यांची राखण करत उभा. रश्श्याचा वास थेट त्याच्या नाकाशी जात होता.

आंटीला राहवलं नाही. "ये रे बाहेर. उपाशी किती उभा राहशील?"

"नको आंटी. बाहेर आलो तर परत आत घेणार नाहीत."

"कोण घेणार नाही?"

ग्लिननं बराच विचार केला. "मीच," तो म्हणाला.

पटांगणभर हशा पिकला. ग्लिन लाल झाला. त्यानं फाटक ढकललं, पण उंबऱ्यावरच्या लोखंडी पट्टीशी येऊन थांबला. टोपी काढून त्यानं विचारलं, "आंटी, येऊ का?"

हसणं एकदम थांबलं. आंटीनं खुर्चीतून उठून कोट नीट केला.

"सकाळपासून इतकी माणसं आली," ती म्हणाली. "विचारणारा तू पहिला. ये, बाळा."