हिरासिंगचा हात

नवा दोर विहिरीत सोडला आणि बादली पाण्याच्या तीन हात वर लोंबकळत राहिली. दोर पुरता चाळीस हात होता, हिरासिंगने स्वतः मोजून कापलेला. राळेगावजवळच्या त्या तांड्यात हिरासिंगचा उजवा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हेच सगळ्यांचे माप होते. खाट असो, दार असो, घागऱ्याचे कापड असो, आधी हिरासिंगला हाक जायची.

"पाणी उतरलं ना, भिया," त्याचा जन्माचा मैतर धावजी म्हणाला. "दरसाल वैशाखात चाळीस हात पुरते. आता विहीर खोल करा लागते."

हिरासिंग रिकामी बादली वर ओढू लागला. दोन वर्षांपूर्वी तो बैलगाडीवरून पडला होता. हाड जुळले, पण हात दोन बोटे आखूड झाला. हे ठाऊक होते त्याला आणि त्याच्या बायकोला, जमनीला. तेव्हाच सांगायला हवे होते. पण हाताचा मान जाईल या भीतीने त्याने तोंड उघडले नाही. दोन बोटे म्हणजे काय मोठेसे, अशी मनाची समजूत घातली. धावजीच्या जावयाचे पाय नव्या खाटेबाहेर आले, तेव्हा जावई उंच मिळाला म्हणून सारे खूशच झाले होते. दोराने मात्र घात केला. दर हाताची दोन बोटे, म्हणजे चाळीस हातांची ऐंशी. आणि चोवीस बोटांचा एक हात धरला तरी हा तोटा तीन हातांच्या वर गेला.

"आतातरी सांगून टाका," जमनी म्हणाली.

"उद्या सांगतो."

उद्या आला तो सरकारी ओव्हरसियर नीळकंठराव. पाणी उतरल्याचा अर्ज तांड्याने त्याच दिवशी दिला होता. नवी मीटरची पट्टी काढून त्याने आधी दोरच मोजला.

"चाळीस हात म्हणजे सव्वाअठरा मीटर तरी भरले पाहिजेत. हे पावणेसतराच भरले. पाणी जागच्या जागी आहे, दोर आखूड आहे तुमचा."

हिरासिंगने कबूल करायला तोंड उघडलेही होते. पण धावजी मध्ये पडला.

"हिरासिंगचा हात खोटा? सायेब, तुमची पट्टी काल आली. याचा हात मी साठ वर्सापासून पाहून राह्यलो. पट्टीच खोटी हाये तुमची!"

साऱ्या तांड्याने माना डोलावल्या. आपल्यासाठी सरकारशी भांडणाऱ्या मैतराला सगळ्यांदेखत तोंडघशी कसे पाडायचे? हिरासिंगने उघडलेले तोंड मिटून घेतले. नीळकंठरावाने पट्टी गुंडाळली आणि सायकलवर टांग मारली.

दुसऱ्या दिवशी खणायला सुरुवात झाली. खणायचे म्हणून असलेले पाणीही दोराला गुरांची दावी जोडून उपसून टाकले, आणि बाया दोन मैल लांब नाल्यावर जाऊ लागल्या. जमनी रोज भरली घागर हिरासिंगच्या पुढ्यात आदळायची. तिसऱ्या दिवशी विहिरीत खणताना धावजीच्या कमरेत उसण भरली. चौघांनी त्याला वर काढले.

हिरासिंग त्याला भेटायला गेला, तेव्हा धावजी त्याच आखूड खाटेवर पाय बाहेर काढून कण्हत होता. हिरासिंगला ते पाहवले नाही.

"धावजी, पाणी नाही उतरलं. माहा हातच आखूड झाला. गाडीवरून पडलो तेव्हापासून." त्याचे डोळे भरून आले. "तू माह्यासाठी सायबाशी भांडला, अन् मी मुका बसलो. चुकलो, भिया."

धावजीने नजर आढ्याकडे वळवली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे हिरासिंगला वाटले.

"उजवा मोडलता ना?" धावजीने विचारले.

"हो."

"मंग डावा काहून नाही लावला?"

हिरासिंगने डाव्या हाताकडे पाहिले. तो धडधाकट होता, पुरता चोवीस बोटांचा. दोन वर्षांत एकदाही ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

धावजीने कण्हत भिंतीकडे तोंड फिरवले. हिरासिंग दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्या उशाशी बसून राहिला.