सर्वांगासनात अडकलेली हुबळी

"कंपनी दिल्लीची असो नाहीतर चंद्रावरची! माझ्या कार्यक्रमाला हात लावायची कुणाची छाती नाही!" विठ्ठलराव नरगुंदकरांनी अख्खा पेढा तोंडात टाकत जाहीर केलं.

पेढे वाटले होते परशुराम अण्णांनी. अण्णा मूळचे साड्यांचे व्यापारी, हौस म्हणून त्यांनी हुबळीत 'नादमाधुरी' रेडिओ काढला आणि आता तो 'त्रिलोक प्रसारण' नावाच्या अजस्र कंपनीला विकून ते मोकळे झाले. त्रिलोकवाल्यांची भूक दांडगी! मंडईत मेथीच्या जुड्या उचलाव्यात तशी त्यांनी देशभरातली रेडिओ स्टेशनं आणि टीव्ही चॅनेलं उचलली होती. आमच्या गावातली 'उत्तरवाणी' ही केबलवरची वाहिनीही त्यांनी त्याच झपाट्यात घेतली.

विठ्ठलराव नादमाधुरीवर रोज सकाळी 'योगबंधू' या नावानं योगासनं शिकवत. विमा कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस, पण आवाज असा, की 'हप्ता थकलाय' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला समाधी लागावी. "उसिरु तगोळ्री... श्वास घ्या हो... हिडीरी, धरून ठेवा..." हे शब्द कानावर पडले की केशवापुरातल्या घराघरांत सतरंज्या पसरल्या जात.

आणि योगबंधू स्वतः? ते स्टुडिओतल्या फिरत्या खुर्चीत पुस्तक उघडून बसलेले असत. समोर चहा आणि खालच्या गाडीवरून आलेलं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी. हुबळीकरांना श्वास धरून ठेवायला लावायचं, तेवढ्यात मिरची भज्याचा एक घास घ्यायचा, गिळायचा आणि मग म्हणायचं, "बिडीरी, सोडा." कितीतरी वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं! स्वतःच्या पायांचे अंगठे विठ्ठलरावांनी शेवटचे कधी पाहिले होते, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

शेजारचे प्रभंजन वकील त्यांचे परमभक्त. कुणी विठ्ठलरावांच्या पोटाकडे बोट दाखवलं की वकीलसाहेब उसळून म्हणत, "ते पोट नाही हो! तो साठवलेला प्राण आहे!"

त्रिलोकचा पहिला दणका सोमवारी आला. स्टेशनचा मॅनेजर श्रीवत्स घाम पुसत सांगायला लागला, "काका, रेडिओ त्यांचा, टीव्ही पण त्यांचाच. दोन स्टुडिओ कशाला, म्हणे. आता रेडिओवरचं सगळं टीव्हीवर थेट दिसणार. सुरुवात तुमच्यापासून!"

"दिसणार म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आसनं करताना दिसणार."

विठ्ठलरावांच्या हातातली मिरची गिरमिटात पडली.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी दार लावलं आणि गुपचूप ताडासनाचा प्रयत्न केला. ताडासन म्हणजे नुसतं उभं राहायचं! तेही दोन मिनिटांत तोल जाऊन दिवाणावर कोसळलं. आवाज ऐकून पत्नी भारतीताई धावत आल्या.

"अहो, काय पडलं?"

"इज्जत," विठ्ठलराव पडल्या पडल्या म्हणाले. "सगळी हुबळी बघणार गं मला! वकील काय म्हणेल?"

भारतीताईंनी शांतपणे पदर खोचला, जमिनीवर बसल्या आणि कपाळ गुडघ्यांना टेकवलं. चाकू मिटावा इतकं सहज! विठ्ठलराव डोळे फाडून बघत राहिले.

"हे कुठं शिकलीस?"

"तुमच्याच रेडिओवर. तुम्ही सांगता, मी करते. घरातल्या एकानं तरी करायला नको?"

विठ्ठलरावांना तत्काळ युक्ती सुचली! त्यांनी श्रीवत्सकरवी त्रिलोकच्या दिल्लीतल्या प्रमुख मेहरोत्रा मॅडमना कळवलं, की गुरू बोलतो आणि शिष्य करून दाखवतो, हीच योगाची खरी परंपरा. मॅडमना परंपरा हा शब्द फार आवडला. ठरलं! पडद्यावर भारतीताई, माइकवर विठ्ठलराव. ते काचेपलीकडच्या खोलीत बसणार, कुणाला दिसणार नाहीत.

"पण या खोलीत कॅमेरा कशाला?" विठ्ठलरावांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"त्रिलोकनं प्रत्येक खोलीत लावलाय काका. पण तो चालू करायचा नाही, असं मी सांगितलंय."

"सांगितलंय? म्हणजे बटण तुझ्याकडं नाही?"

"बटणं सगळी दिल्लीत," श्रीवत्स म्हणाला.

कार्यक्रम सुरू झाला. भारतीताई सलवार-कमीज घालून, कॉलरला छोटा माइक लावून चटईवर बसल्या होत्या. विठ्ठलरावांचा आवाज मधासारखा वाहत होता. पश्चिमोत्तानासन झालं, भुजंगासन झालं. काचेतून बायकोचं कसब बघून त्यांची छाती अभिमानानं फुगली आणि धीर एवढा वाढला, की त्यांनी सवयीप्रमाणे बशी जवळ ओढली.

"आता सर्वांगासन. पाठीवर झोपा. दोन्ही पाय वर, आणखी वर. खांद्यांवर तोला. हिडीरी... धरून ठेवा..."

हुबळी-धारवाडातले सगळे पाय छताकडे गेले. विठ्ठलरावांनी घास घेतला.

मिरची त्या दिवशी कुठल्या जन्माचं वैर घेऊन आली होती कोण जाणे! जीभ पेटली, घसा बंद झाला, डोळ्यांतून धारा लागल्या. 'बिडीरी' म्हणायला तोंड उघडलं, तर आतून फक्त वाफ आली! पाण्याची बाटली काचेपलीकडे, भारतीताईंच्या चटईजवळ.

रेडिओ मुका झाला. टीव्हीवर भारतीताई समईसारख्या उलट्या उभ्या. खाली यायचा हुकूमच नाही!

"अहो," त्या शेवटी उलट्याच म्हणाल्या, "किती वेळ?"

तिकडे दिल्लीत धावपळ उडाली. त्रिलोकचा नियमच होता, आवाज थांबला की चित्र बदलायचं. तिथल्या कुणीतरी बटण दाबलं आणि हुबळीच्या घराघरांतल्या पडद्यावर योगबंधू प्रकटले. लालबुंद चेहरा, शर्टाची सुटलेली दोन बटणं, मिशीला बेसन आणि हातात देठासकट अर्धी मिरची!

तेवढ्यात स्टुडिओतला फोन वाजला. गडबडीत श्रीवत्सनं तो थेट प्रक्षेपणात घेतला.

"यप्पा! योगबंधू!" प्रभंजन वकिलांचा गुदमरलेला आवाज सगळ्या गावानं ऐकला. "पाय शोकेसच्या वर अडकलेत हो! मान वाकडी झालीय, सगळं उलटं दिसतंय! आणि टीव्हीवर तो कोण बकासुर बसवलाय? आमचे गुरुजी कुठं आहेत?"

विठ्ठलरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. वकिलाची मान मोडली तर? आणखी किती माना उलट्या असतील? त्यांनी काचेवर धडाधड हात मारले.

भारतीताईंनी उलट्या नजरेनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं. त्यांचा कॉलरचा माइक चालूच होता.

"वकीलसाहेब, घाबरू नका. सगळेच ऐका. झटका द्यायचा नाही. आधी गुडघे वाकवा. आता हातांचा आधार ठेवून पाठ हळूहळू टेकवा, एकेक मणका. हां. आता पाय खाली. बिडीरी."

फोनमधून शोकेसच्या काचेची खळखळ ऐकू आली आणि मग लांबलचक सुस्कारा. "उतरलो, अक्का! उतरलो!"

भारतीताई उठल्या, पाण्याची बाटली घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि कॅमेऱ्यासमोरच नवऱ्याच्या पाठीवर दोन धपके घातले. "आधी ते तोंडातलं गिळा!" हेही थेट प्रक्षेपणात गेलं.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव तोंड लपवून श्रीवत्ससमोर बसले. "काढून टाकलं ना मला?"

"उलट आहे काका! दिल्लीत सगळे फिदा झालेत. आता हा कार्यक्रम त्रिलोकच्या सगळ्या रेडिओंवर आणि सगळ्या वाहिन्यांवर जाणार. काकू शिकवणार. आणि तुम्हालाही रोज कॅमेऱ्यासमोर ठेवायचंच, असा मॅडमचा हट्ट आहे."

विठ्ठलराव ताठ बसले. "सहगुरू म्हणून?"

श्रीवत्स खाली बघत म्हणाला, "योग न केल्यास काय होतं, ते दाखवायला."

विठ्ठलरावांनी शर्टाची बटणं नीट लावली. मग देशभर दिसण्याच्या मोहापुढे मान तुकवली.

पहिल्या चित्रीकरणाला दिल्लीहून एक खोकं आलं. त्यात विठ्ठलरावांसाठी खास शिवलेलं कापसाचं खोटं पोट होतं, पट्टे लावून बांधायचं. श्रीवत्सनं ते त्यांच्या शर्टावर धरून पाहिलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि पुन्हा खोक्यात ठेवलं.

"काय झालं रे?" विठ्ठलरावांनी आशेनं विचारलं. "नको म्हणतोस?"

"लहान पडतंय, काका."